बंद पडलेला राउटर सिरियल वायरने परत चालू करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव या भागातून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत केबल-इंटरनेटचं काम करणारी मुलं आहेत, डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहेत आणि घरचाच राउटर बिघडलेले लोकही आहेत. वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज ये-जा करते, अपडेट अर्ध्यात तुटतो आणि असे प्रश्न वाढतात. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची. फक्त सिस्कोची व्हेरिएबल नावं (प्रश्न १४) मोठ्या अक्षरांत लिहायची.

१. राउटरचा पॉवरचा लाइट लागतो, पण वायफाय दिसत नाही आणि पेजही उघडत नाही. डबा उघडायच्या आधी काय करून बघू?

आधी अडॅप्टर बदलून बघा. जुना अडॅप्टर मोकळा असताना मीटरवर ९ किंवा १२ व्होल्ट बरोबर दाखवतो आणि लोड आला की खाली बसतो. मग राउटर अर्ध्यात रीस्टार्ट होत राहतो आणि आपण फर्मवेअरला (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरला) दोष देत बसतो. नवा अडॅप्टर तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा हवा.

त्यानंतर कंपनीने दिलेली रिकव्हरीची वाट तपासा. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत रीसेट दाबून पॉवर दिली की राउटर स्वतः १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर टीएफटीपी सर्व्हर (लॅनवरून फाइल देणारा साधा प्रोग्रॅम) शोधतो. लॅपटॉपला तो पत्ता द्यायचा आणि फाइलला ठरलेलं नाव द्यायचं. उदाहरणार्थ, ८४१एन व्हर्जन ९ साठी ते नाव 'डब्ल्यूआर८४१एनव्ही९_टीपी_रिकव्हरी.बिन' असं आहे. डी-लिंकच्या अनेक मॉडेलांत रीसेट दाबून धरला की १९२.१६८.०.१ वर एक साधं अपलोड पेज उघडतं. यातलं काहीच जमलं नाही, तरच स्क्रू काढा.

२. सिरियल म्हणजे नेमकं काय? यूएसबी केबल थेट लावून होत नाही का?

होत नाही. राउटरच्या यूएसबी पोर्टला पेनड्राइव्ह किंवा डोंगल लागतो, त्यातून बूटलोडरशी (चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमशी) बोलता येत नाही. आतल्या बोर्डवर तीन-चार छिद्रं किंवा पॅड असतात, तो सिरियल पोर्ट. चिप चालू झाल्याच्या पहिल्या क्षणापासूनचा मजकूर तिथून बाहेर पडतो. मेमरी सापडली का, फ्लॅश (फर्मवेअर साठवणारी चिप) ओळखली का, कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) चेकसम (डेटा शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) जुळला का, हे सगळं त्यात असतं. फर्मवेअर भरणं हा या वायरचा दुसरा उपयोग आहे. पहिला उपयोग म्हणजे बिघाड कुठे आहे ते वाचणं, आणि तो लोक टाळतात. हा मजकूर, म्हणजे लॉग, न वाचता फ्लॅशवर लिहायला बसू नका.

३. कोणतं सामान लागेल?

यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर (लॅपटॉपचा यूएसबी राउटरच्या सिरियल पिनांशी जोडणारा), सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपचा, साधारण दोनशे रुपयांचा. त्यावर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असेल तर तो ३.३ वर ठेवा. सोबत तीन जंपर वायर, मल्टिमीटर, बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, ४ पिनचा २.५४ मिलिमीटर अंतराचा हेडर आणि एक लॅन केबल.

जुन्या कॉम्प्युटरच्या मागची ९ पिनची केबल थेट जोडू नका. तो आरएस-२३२ असतो, त्यावर उणे-अधिक १२ व्होल्टपर्यंत सिग्नल येतो आणि राउटरची चिप जळते. पीएल२३०३ चा कन्व्हर्टर घरात असेल तर चालेल, पण विंडोजचा नवा ड्रायव्हर त्या चिपच्या जुन्या आणि नकली प्रती नाकारतो. नवा घेणार असाल तर तो टाळा.

४. बोर्डवर चार छिद्रं आहेत, नावं लिहिलेली नाहीत. कोणती पिन कुठली हे कसं ओळखायचं?

हे काम घाईत होत नाही. अर्धी बिघडलेली कामं याच पायरीवर बिघडलेली असतात.

आधी पॉवर काढून ठेवा. मीटर बीपवर लावा. एक टोक डीसी जॅकच्या उणे पायाला किंवा लॅन पोर्टच्या धातूच्या कवचाला धरा आणि दुसरं एकेका छिद्राला. जिथे बीप होईल ती ग्राउंड. कवच सगळ्याच बोर्डांवर ग्राउंडला जोडलेलं नसतं, म्हणून डीसी जॅकवर जास्त भरवसा ठेवा.

आता मीटर २० व्होल्ट डीसीवर घ्या, काळं टोक ग्राउंडला ठेवा आणि पॉवर द्या. उरलेल्या तीन पिना अशा दिसतील :

व्हीसीसी (पॉवरची पिन) : पॉवर दिल्याबरोबर ३.३ व्होल्ट, एकदम स्थिर. ही पिन कशालाही जोडायची नाही.

टीएक्स (मजकूर पाठवणारी) : साधारण ३.३, पण बूट होताना काही सेकंद आकडा खालीवर हलतो, कारण मजकूर बाहेर पडत असतो. पॉवर बंद-चालू करून दोन-तीनदा बघा.

आरएक्स (मजकूर घेणारी) : उरलेली. कधी शून्याजवळ, कधी ३.३ च्या जवळ, पण बूटच्या वेळी हलत नाही.

जोडणी उलटसुलट असते : राउटरची टीएक्स कन्व्हर्टरच्या आरएक्सला, राउटरची आरएक्स कन्व्हर्टरच्या टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. सुरुवातीला फक्त ग्राउंड आणि राउटरची टीएक्स जोडा. लॉग नीट दिसला की मगच तिसरी वायर लावा. या दोन सिग्नल वायरी चुकून उलट लागल्या तर सहसा काही जळत नाही, फक्त मजकूर येत नाही. व्हीसीसीला ५ व्होल्ट गेले तर मात्र बोर्ड जातो.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करा. अर्थिंग नसलेल्या घरांत चार्जरमधून गळणारा करंट ग्राउंडच्या वायरीतून वाट शोधतो.

५. जोडलं, पण स्क्रीनवर चौकोन आणि विचित्र अक्षरं येतात. किंवा काहीच येत नाही.

विचित्र अक्षरं म्हणजे बहुतेक वेळा वेग चुकलेला आहे. अथेरॉस चिपचे राउटर सहसा ११५२०० वर बोलतात. रॅलिंक-मीडियाटेकचे बरेच, म्हणजे आरटी५३५०, एमटी७६२०, एमटी७६२१ वाले, ५७६०० वर असतात. बाकी सेटिंग ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. बूटलोडर एका वेगावर आणि लिनक्स दुसऱ्या वेगावर, असंही काही बोर्डांवर असतं. पहिल्या ओळी नीट आणि पुढे कचरा दिसला तर हे कारण समजा. वेग बरोबर असूनही अधूनमधून अक्षरं बिघडत असतील तर ग्राउंडची वायर तपासा.

काहीच येत नसेल तर कन्व्हर्टरची स्वतःची टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोडून टाइप करा. अक्षर परत दिसलं तर कन्व्हर्टर ठीक आहे. काही टीपी-लिंक बोर्डांवर टीएक्सला आतून पुल-अप (लाइन ३.३ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) नसतो. तिथे टीएक्स आणि व्हीसीसीच्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावल्यावर मजकूर येतो. काही बोर्डांवर पॅडपासून चिपपर्यंतच्या वाटेतला छोटा रेझिस्टर कारखान्यातच बसवलेला नसतो, त्या रिकाम्या जागेवर सोल्डरचा थेंब द्यावा लागतो. पॅडजवळच्या रिकाम्या जागा भिंगाने बघा.

लिनक्सवर पोर्टच दिसत नसेल तर स्वतःला 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाला. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० लावताच गायब होतो, कारण 'बीआरएलटीटीवाय' नावाचा ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्रॅम तो पोर्ट आपलाच समजून घेतो. गरज नसेल तर तो काढून टाका.

६. मजकूर दिसतो, पण कीबोर्ड दाबलं तर काहीच होत नाही.

फ्लो कंट्रोल (वेगळ्या वायरींवरून 'आता पाठव' अशी खूण देण्याची सोय) बंद करा. मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतो. राउटरला त्या वायरी नसल्यामुळे तुमचं अक्षर निघतच नाही. पुटीमध्ये तो 'नन' वर ठेवा. तरीही होत नसेल तर राउटरच्या आरएक्सपर्यंतचा मार्ग तुटलेला आहे (प्रश्न ५ मधला रिकामा रेझिस्टर).

७. बूट थांबवून बूटलोडरच्या प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायच्या ओळीवर) कसं यायचं?

पॉवर द्यायच्या आधी टर्मिनल उघडून ठेवा, कारण संधी एक-दोन सेकंदच मिळते. साध्या यू-बूटमध्ये (बऱ्याच राउटरांत असणारा बूटलोडर) कोणतीही की चालते. टीपी-लिंकच्या अथेरॉस मॉडेलांत 'ऑटोबूटिंग इन १ सेकंड्स' दिसताच 'टीपीएल' ही तीन अक्षरं टाइप करावी लागतात. ती आधीच कॉपी करून ठेवा आणि ओळ येताच पेस्ट करा.

रॅलिंक-मीडियाटेकमध्ये आकड्यांचा मेनू येतो. १ म्हणजे टीएफटीपीने रॅममध्ये, २ म्हणजे टीएफटीपीने थेट फ्लॅशवर, ३ म्हणजे नेहमीचं बूट, ४ म्हणजे आज्ञांचा प्रॉम्प्ट. ७ आणि ९ ला हात लावू नका. ते फर्मवेअरऐवजी बूटलोडरच बदलतात, एक सिरियलवरून आणि दुसरा टीएफटीपीवरून. 'सिरियलने लोड करा' असं वाचून लोक ७ दाबतात आणि फर्मवेअरची फाइल बूटलोडरच्या जागी जाऊन बसते. मग प्रश्न १३ कडे जावं लागतं.

कर्नल खराब झालेला असेल तर बरेच राउटर चेकसमची चूक दाखवून स्वतःच प्रॉम्प्टवर थांबतात.

८. फर्मवेअर सिरियलवरूनच पाठवायचं की लॅन केबलने?

लॅन चालत असेल तर लॅनने. सिरियलवरून फक्त आज्ञा द्यायच्या आणि फाइल टीएफटीपीने खेचायची, ४ एमबी काही सेकंदांत येते. लॅन चिप जळली असेल (वीज पडल्यावर नेमकी तीच जाते) किंवा बूटलोडरमध्ये नेटवर्कच नसेल, तर फाइल सिरियलवरून.

११५२०० वर सेकंदाला जास्तीत जास्त ११,५२० बाइट जातात. ३.७५ एमबीच्या इमेजला (फर्मवेअरच्या फाइलला) कागदावर पावणेसहा मिनिटं लागतात, प्रत्यक्षात सात-आठ धरा. ५७६०० वर त्याच्या दुप्पट. १६ एमबीला ११५२०० वरही २५ मिनिटांच्या पुढे जातं.

प्रॉम्प्टवर आधी 'हेल्प' द्या. यादीत 'लोडवाय' असेल तर वायमोडेम, 'लोडएक्स' असेल तर एक्समोडेम, 'लोडबी' असेल तर कर्मिट. या तिन्ही सिरियलवरून फाइल पाठवायच्या पद्धती. काही कंपन्या या आज्ञा काढून टाकतात. तसं असेल तर ही वाट बंद आहे. 'लोडवाय ८१००००००' दिलं की राउटर 'सी' अक्षर छापत वाट बघतो. मग टेरा टर्ममध्ये फाइल, ट्रान्सफर, वायमोडेम, सेंड. पुटीमध्ये फाइल पाठवायची सोय नाही, तो या कामाला चालणार नाही. लिनक्सवर पिकोकॉम आणि 'एलआरझेडएसझेड' पॅकेज घ्या. वायमोडेमसाठी पाठवण्याचा प्रोग्रॅम 'एसबी' ठेवा, एक्समोडेमसाठी 'एसएक्स'.

पत्ता ८१०००००० का? अथेरॉसवर रॅम ८००००००० पासून सुरू होते आणि कर्नल ८००६०००० च्या आसपास उलगडतो. फाइल तिथेच ठेवली तर उलगडताना ती स्वतःवरच लिहिते. ३२ एमबी रॅम ८२०००००० ला संपते आणि वरच्या टोकाला यू-बूट स्वतः बसलेला असतो. मधली जागा सुरक्षित. दुसऱ्या चिपचे पत्ते वेगळे असतात.

आमचा आग्रह एवढाच : ओपनडब्ल्यूआरटी या मोफत राउटर-फर्मवेअरची इनिटरॅमएफएस इमेज (पूर्णपणे रॅममधून चालणारी) मिळत असेल तर ती रॅममध्ये चढवून 'बूटएम ८१००००००' ने चालवून बघा. फ्लॅशवर एक बाइटही न लिहिता कळतं की बोर्ड ठीक आहे की नाही. तिथूनच बॅकअप घ्या (प्रश्न १२) आणि तिथूनच 'सिसअपग्रेड' (फर्मवेअर फ्लॅशवर लिहिणारी त्याची आज्ञा) करा. तेव्हा मॉडेल चुकीचं असेल तर इशारा मिळतो. यू-बूट तसा इशारा देत नाही.

९. यू-बूटमधूनच फ्लॅशवर लिहायचं असेल तर नेमक्या आज्ञा कोणत्या?

टीपी-लिंकच्या अथेरॉसवाल्या ४ एमबी मॉडेलांसाठी, उदाहरणार्थ ८४१एन व्हर्जन ८ आणि ९, क्रम असा. यू-बूट आकडे मुळातच हेक्समध्ये (१६ च्या पायावर) वाचतो.

'सेटएन्व्ह आयपीअ‍ॅडर १९२.१६८.१.१११'
'सेटएन्व्ह सर्व्हरआयपी १९२.१६८.१.१००'
'टीएफटीपीबूट ८००००००० कोड.बिन'
'इरेझ ९एफ०२०००० +३सी००००'
'सीपी.बी ८००००००० ९एफ०२०००० ३सी००००'
'बूटएम ९एफ०२००००'

पहिले २०००० हेक्स, म्हणजे १२८ केबी, बूटलोडरचे. म्हणून सुरुवात ९एफ०२०००० पासून. शेवटच्या १२८ केबीमध्ये सेटिंग आणि रेडिओचं कॅलिब्रेशन असतं, म्हणून लांबी ३सी०००० वर थांबते. 'इरेझ'च्या ओळीत एक शून्य कमी-जास्त झालं की यातलं काहीतरी पुसलं जातं. एंटर मारायच्या आधी ती ओळ दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. ८ एमबी फ्लॅशच्या टीपी-लिंक मॉडेलांत लांबी ७सी०००० असते.

'टीएफटीपीबूट' नंतर आलेले बाइट फाइलच्या आकाराशी जुळले नाहीत तर 'इरेझ' देऊच नका.

वीज गेली तर? फक्त फर्मवेअरची जागा पुसलेली असते, बूटलोडर शाबूत असतो. पुन्हा पॉवर द्या आणि पहिल्या ओळीपासून सुरू करा.

१०. टीएफटीपी लावलं की 'टी टी टी टी' येत राहतं, फाइल येत नाही.

टी म्हणजे टाइमआउट. विंडोज फायरवॉल यूडीपी ६९ अडवतो, तो थोडा वेळ बंद करा. लॅपटॉपचा वायफाय बंद ठेवा आणि लॅनला हाताने पत्ता द्या. राउटर रीसेट होताना लॅनची लिंक पडते आणि विंडोजला ती परत धरायला वेळ लागतो, म्हणून मध्ये एक साधा स्विच ठेवा. केबल लॅन पोर्टला लावा. काही बोर्डांवर बूटलोडर एकाच ठरावीक पोर्टवर ऐकतो, तेव्हा सगळे फिरवून बघा.

११. कंपनीच्या साइटवरची फाइल भरली, आता प्रॉम्प्टसुद्धा येत नाही. फाइलच्या नावात 'बूट' होतं.

टीपी-लिंकच्या अशा फाइलींत सुरुवातीला बूटलोडरही असतो. वेबपेजवरून अपडेट करताना तो योग्य जागी जातो, पण प्रश्न ९ च्या पद्धतीने भरली तर सगळं १२८ केबीने पुढे सरकतं आणि कर्नल सापडत नाही. भरण्याआधी पहिले ५१२ बाइटचे २५७ ब्लॉक कापा : लिनक्सवर 'डीडी' ला 'बीएस=५१२ स्किप=२५७' द्या. पत्ता ९एफ०२०००० च ठेवला असेल तर प्रॉम्प्ट यायलाच हवा. येत नसेल तर पत्ता चुकला आहे आणि बूटलोडर गेला आहे.

१२. राउटर चालू झाला, पण वायफाय चार पावलांवर तुटतं आणि मॅक पत्ता विचित्र दिसतो.

कॅलिब्रेशनचं पार्टिशन पुसलं गेलं आहे. अथेरॉसवर त्याला 'एआरटी' म्हणतात, मीडियाटेकवर 'फॅक्टरी'. त्यात त्या एकाच बोर्डाचे रेडिओचे आकडे असतात, कारखान्यात मोजून भरलेले. ते इंटरनेटवर मिळत नाहीत. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या राउटरमधून उचलून भरले तर वायफाय चालतं, पण पॉवर आणि फ्रिक्वेन्सी थोडी चुकते आणि मॅक पत्ते दोन्हीकडे सारखे होतात, ते हाताने बदलावे लागतात.

म्हणून पहिलं काम बॅकअपचं. ओपनडब्ल्यूआरटी रॅममध्ये चालू असेल तर 'कॅट /प्रॉक/एमटीडी' ने यादी बघा, एआरटी किंवा फॅक्टरी कितव्या क्रमांकावर आहे ते शोधा, 'डीडी' ने ते /टीएमपी मध्ये काढा आणि 'एससीपी' ने लॅपटॉपवर घ्या. फाइल बहुतेक वेळा ६४ केबीची असते. राउटरच्या सिरियल नंबरच्या नावाने जपून ठेवा.

१३. बूटलोडरच गेला. सिरियलवर एक अक्षरही नाही. आता?

चिपवर अवलंबून आहे. मार्व्हेलच्या किर्कवुड आणि अर्माडा चिपमध्ये आत कायमचा बूटरॉम असतो आणि तो सिरियलवरून बूटलोडर घेतो. लिनक्सवर 'केडब्ल्यूबूट' चालवायचं, राउटरला पॉवर द्यायची, पुढचं काम एक्समोडेमने होतं. मीडियाटेकच्या नव्या एमटी७६२२, एमटी७९८६ साठी 'एमटीके_यूआर्टबूट' आहे. जुन्या अथेरॉसला किंवा एमटी७६२१ ला अशी वाट नाही.

तिथे फ्लॅश चिप बाहेरून प्रोग्रॅम करावी लागते : सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि ८ पायांची क्लिप. काळ्या रंगाच्या सीएच३४१ए बोर्डवर डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट येतात आणि फ्लॅश ३.३ व्होल्टची असते, म्हणून तो दुरुस्त केल्याशिवाय वापरू नका. चिपवरचा आकडा मेगाबिटमध्ये असतो : २५क्यू३२ म्हणजे ४ एमबी, २५क्यू६४ म्हणजे ८, २५क्यू१२८ म्हणजे १६. दोनदा वाचा, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच पुढे जा. क्लिप लावल्यावर राउटरची चिपही जागी होते आणि वाचन बिघडतं. तसं झालं तर फ्लॅश काढूनच प्रोग्रॅम करावी लागते.

१४. कॉलेजच्या लॅबमधला सिस्को राउटर 'रॉममॉन' (सिस्कोचा बूटलोडर) वर अडकला आहे. हीच पद्धत चालेल का?

वायर वेगळी. सिस्कोचा आरजे-४५ कन्सोल आरएस-२३२ वर बोलतो, तिथे टीटीएल कन्व्हर्टर चालत नाही. निळी रोलओव्हर केबल किंवा यूएसबी कन्सोल केबल घ्या, वेग ९६००. पॉवर दिल्यावर पहिल्या मिनिटात ब्रेक पाठवा. टेरा टर्ममध्ये ऑल्ट आणि बी.

लॅन असेल तर 'टीएफटीपीडीएनएलडी'. आधी आयपी_अ‍ॅड्रेस, आयपी_सबनेट_मास्क, डीफॉल्ट_गेटवे, टीएफटीपी_सर्व्हर आणि टीएफटीपी_फाइल ही पाच नावं मोठ्या अक्षरांत भरा. ही आज्ञा फ्लॅशमधलं जुनं सगळं पुसते. लॅन नसेल तर 'एक्समोडेम -सी' आणि फाइलचं नाव. ९६०० वर मात्र ४ एमबीलाच तासाच्या वर जातो, म्हणून आधी 'कॉनफ्रेग' (सिस्कोची बूट-सेटिंगची आज्ञा) मध्ये वेग ११५२०० करा, रीसेट द्या आणि टर्मिनलचाही वेग बदला. काम झाल्यावर 'कॉनफ्रेग' मध्ये ०एक्स२१०२ परत भरा. विसरलात तर पुढच्या बॅचला ९६०० वर नुसता कचरा दिसेल.

१५. फायबरवाल्याने दिलेला डबा बिघडला आहे. त्यात फर्मवेअर भरू का?

नाही. तो ओएनटी (फायबरचा मोडेम) इंटरनेट कंपनीचा असतो, आणि त्यातला जीपॉन (फायबर नेटवर्कचा प्रकार) सिरियल नंबर व पासवर्ड ऑपरेटरकडे नोंदलेला असतो. तो भाग पुसला की फायबर उजेड घेईल पण नोंदणी होणार नाही. बदलून मागा.

१६. सिरियल वायर लावली की राउटर बूटच होत नाही, काढली की होतो.

कन्व्हर्टरच्या टीएक्समधून बंद राउटरमध्ये थोडा करंट शिरतो आणि चिप पूर्ण रीसेट होत नाही. आधी पॉवर द्या, एका सेकंदात आरएक्सची वायर लावा. ते जमत नसेल तर त्या वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. उलटा प्रकारही होतो : आरएक्सला लोंबती वायर राहिली की तिच्यावरचा गोंगाट यू-बूटला की दाबल्यासारखा वाटतो आणि राउटर प्रॉम्प्टवर थांबून राहतो. कव्हर लावण्यापूर्वी वायरी काढा.

१७. माझ्या राउटरमध्ये नँड फ्लॅश आहे. प्रश्न ९ च्या आज्ञा चालतील का?

नाहीत. नँड या प्रकारच्या फ्लॅशमध्ये खराब ब्लॉक (न चालणारे तुकडे) असतात आणि 'सीपी.बी' ला ते कळत नाहीत. 'नँड इरेझ' आणि 'नँड राइट' वापरा, ते खराब ब्लॉक ओलांडून जातात. 'नँड स्क्रब' कधीही नको. कारखान्यातल्या खराब ब्लॉकच्या खुणा त्याने पुसल्या जातात आणि त्या परत मिळत नाहीत.

१८. पुराच्या पाण्यात गेलेला राउटर सिरियलने वाचेल का?

२०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरानंतर हा प्रश्न सगळ्यात जास्त आला. पॉवर देऊन 'चालतो का' बघू नका, ओल्या बोर्डवर करंट गेला की पाय काही मिनिटांत खाऊन टाकले जातात. अडॅप्टर टाकून द्या. बोर्ड काढून गाळ जाईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने घासा, विशेषतः पत्र्याच्या कवचाखाली आणि फ्लॅशच्या पायांजवळ. सावलीत पंख्याखाली दोन दिवस वाळवा.

मग ३.३ व्होल्टची लाइन आणि ग्राउंडमधला रोध मोजा. एक-दोन ओहमच असेल तर शॉर्ट आहे, पॉवर देऊ नका. ठीक असेल तर फक्त लॉग बघा. यू-बूट आला तर 'सीआरसी३२ ९एफ०२०००० ३सी००००' (तेवढ्या जागेचा चेकसम काढणारी आज्ञा) दोन-तीनदा चालवा. पत्ता तुमच्या चिपचा घ्या. दरवेळी वेगळा आकडा आला तर फ्लॅशचा किंवा रॅमचा पाय गंजून सुटलेला आहे. अशा बोर्डवर फर्मवेअर लिहू नका. आधी पाय फ्लक्स लावून पुन्हा सोल्डर करा आणि आकडा तीनदा सारखा आला की मगच प्रश्न ८ पासून सुरू करा.